सरळ हँडल की वळलेले? पुण्यात रोड बाइक घेण्यापूर्वी

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पुणे शहरातून आणि जिल्ह्यातून गेली. एकूण ४३७ किलोमीटरची ती शर्यत पाहायला रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या अनेकांनी इतक्या रोड बाइक, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवायच्या सायकली, एका वेळी पहिल्यांदाच पाहिल्या. घोळका समोरून जाताना नजरेत भरत होती ती एडक्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली हँडले. तेव्हापासून माझ्या ओळखीत ज्यांच्या ज्यांच्या मनात सायकल घेण्याचा विचार आला, त्यांतले बहुतेक जण एकाच प्रश्नापाशी येऊन थांबले आहेत: हँडल तसे वळलेले घ्यावे, की नेहमीचे सरळ?

या प्रश्नावर सहसा जो सल्ला मिळतो तो ‘वेग हवा असेल तर वळलेले, आराम हवा असेल तर सरळ’ एवढ्यावर संपतो. हा सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे, आणि पुण्यासारख्या शहरात तो पुष्कळांना नको ती सायकल घ्यायला लावतो असे माझे मत आहे. खरे पाहायला हव्यात त्या दोन गोष्टी. एक, तुमचे हात हँडलवर सलग किती वेळ राहणार आहेत. आणि दोन, त्या वेळात तुम्हाला ब्रेक किती वेळा दाबावा लागणार आहे.

आधी नावे समजून घेऊ

सरळ हँडलला दुकानात ‘फ्लॅट बार’ म्हणतात. एक आडवी नळी, दोन्ही टोकांना रबरी ग्रिप, आणि ग्रिपच्या पुढे ब्रेकच्या व गिअरच्या लिव्हर, अशी त्याची साधी रचना असते. त्याची रुंदी साधारण ६०० मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक असते. वळलेल्या हँडलला ‘ड्रॉप बार’ म्हणतात. ते साधारण ४०० ते ४४० मिलिमीटर रुंद असते, आधी पुढे जाते आणि मग खाली व मागे वळते. हात ठेवायला त्यावर तीन मुख्य जागा असतात. वरचा आडवा भाग ही पहिली. पुढच्या वळणावर बसवलेल्या ब्रेक लिव्हरचे रबरी आवरण असलेले उंचवटे, ज्यांना ‘हूड’ म्हणतात, ही दुसरी. सर्वांत खालचा वळलेला भाग ही तिसरी. यापुढे मी सरळ हँडल आणि वळलेले हँडल असेच शब्द वापरणार आहे.

दुकानात आणखी एक गोंधळ होतो, तो इथेच दूर केलेला बरा. सरळ हँडलच्या बहुतेक सायकलींना आपल्याकडे सरसकट ‘हायब्रिड’ म्हटले जाते, पण त्यांत दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एका जातीत पुढे सस्पेन्शन असते आणि टायर जाड असतात. दुसरीत पुढचे चाक धरणारा फोर्क कडक, टायर २८ ते ३५ मिलिमीटरचे आणि सांगाडा रोड बाइकच्या जवळचा असतो. या लेखातली तुलना दुसऱ्या जातीशी आहे. पक्क्या रस्त्यावर चालवण्यासाठी स्वस्त सस्पेन्शन घेणे म्हणजे दीड-दोन किलोचे ओझे विकत घेणे होय. शिवाय उभे राहून पेडल मारताना तुमच्या जोराचा काही भाग ते सस्पेन्शन दाबण्यातच खर्ची पडतो.

मंडईतली पिशवी आणि हातांच्या जागा

मंडईतून भाजीची जड पिशवी घरी आणताना आपण वाटेत चार वेळा हात बदलतो. पिशवीचे वजन बदललेले नसते, पण बंद एकाच जागी रुतू लागतो आणि बोटे बधिर होतात. सायकलवर हेच घडते. वरच्या अंगाच्या वजनाचा काही भाग तळहातांवर येतो आणि तो तासभर एकाच जागी राहिला की करंगळी व अनामिका यांना मुंग्या येऊ लागतात. करंगळीच्या बाजूने तळहातात जाणारी नस मनगटापाशी दाबली गेल्याने असे होते, आणि लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये हा त्रास इतका परिचित आहे की इंग्रजी वैद्यकात त्याला सायकलस्वारांच्याच नावाने ओळखतात. वळलेल्या हँडलची खरी किंमत इथे कळते. दहा मिनिटे हूडवर, मग थोडा वेळ वरच्या आडव्या भागावर, समोरून वारा आला की खाली, असे करत गेले की दाब एकाच जागी साचत नाही.

दुसरा मुद्दा मनगटाचा आहे. उभे राहून दोन्ही हात सैल सोडून पाहा. तळवे मांड्यांकडे वळलेले दिसतील. हूड धरताना हात जवळजवळ याच स्थितीत राहतो, पाण्याचा पेला धरावा तसा. सरळ हँडल धरताना मात्र तळवा जमिनीकडे वळवावा लागतो, त्यामुळे हाताला पीळ पडतो आणि कोपर बाहेर येते. अर्ध्या तासात हे जाणवत नाही. माझी पहिली सायकल सरळ हँडलची होती. खडकवासल्यापर्यंत ती मला सर्वार्थाने उत्तम वाटत असे, पण पानशेतपर्यंत जाऊन परत येताना शेवटच्या टप्प्यात उजव्या हाताची करंगळी आपली वाटेनाशी होई आणि घरी आल्यावर शर्टाचे बटण काढणेही अवघड जाई. त्या सायकलच्या टोकांना मी पुढे ‘बार एंड’ नावाची आखूड शिंगे बसवली. त्यांनी हाताला आणखी एक जागा मिळाली आणि त्रास बराच कमी झाला. सरळ हँडल आवडत असेल पण अंतर वाढवायचे असेल, तर हा स्वस्त आणि प्रामाणिक उपाय आहे.

वारा नेमका काय करतो

गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्याने फडफडते; तीच चार पदरी घडी करून दोरीवर टाकली तर वारा तिला फारसा धरत नाही. सायकलस्वाराचे अंग ही अशीच चादर आहे, कारण हवेच्या एकूण विरोधातला मोठा वाटा सायकलचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. सरळ हँडलवर हात रुंद, छाती उघडी आणि पाठ ताठ राहते. वळलेल्या हँडलवर हात खांद्यांच्या रुंदीत येतात आणि धड पुढे झुकते, म्हणजे चादरीची घडी होते.

ही घडी केव्हा उपयोगी पडते हे मात्र वेगावर अवलंबून आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरवरून ३० वर गेलात तर विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून ताशी २५ किलोमीटरच्या वर सपाट रस्त्यावर तुमच्या मेहनतीचा बहुतांश भाग हवेशी झगडण्यात जातो, तर ताशी १५ च्या खाली हँडलच्या आकाराने जेमतेम फरक पडतो. इथे आपला वेग म्हणजे हवेच्या तुलनेतला वेग, हे विसरू नये. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेचा वारा सुरू झाला की मुळशीकडे ताशी २० ने जाणाऱ्या माणसाला समोरून ताशी १५ चा वारा असेल, तर त्याच्या अंगाला ३५ चा वारा लागतो. अशा दिवशी हात खाली नेता आले तर होणारा फरक घड्याळापेक्षा गुडघ्यांना आधी समजतो.

उलट, लक्ष्मी रस्त्यावर किंवा कर्वे रस्त्यावर कामाच्या दिवशी सरासरी वेग इतका कमी असतो की वाऱ्याचा मुद्दा तिथे उरतच नाही.

ब्रेक, वळण आणि शहरातली गर्दी

आता दुसऱ्या गोष्टीकडे येऊ, आणि ती पुण्यात पहिल्या गोष्टीइतकीच महत्त्वाची आहे. दरवाजा बिजागरीच्या जवळ ढकलून पाहिला तर किती जोर लागतो हे आपल्याला माहीत आहे. हूडवर हात असताना बोटे ब्रेक लिव्हरच्या वरच्या भागावर, म्हणजे तिच्या बिजागरीच्या जवळ पडतात, त्यामुळे तेवढाच ब्रेक लागण्यासाठी जास्त दाबावे लागते. हात खाली नेला तर बोटे लिव्हरच्या टोकाकडे जातात आणि ब्रेक जोरकस लागतो. वरच्या आडव्या भागावर हात असताना तर बहुतेक सायकलींत ब्रेक हाताशी नसतोच. सरळ हँडलवर हा प्रश्न येत नाही. हात एकाच जागी असतो हा त्याचा लांब पल्ल्यातला दोष शहरात गुण ठरतो, कारण दोन बोटे कायम ब्रेकवर राहतात.

वळण्याचेही तसेच. जुन्या बसचे स्टेअरिंग मोठे असे, कारण चक्र जितके मोठे तितका ते फिरवायला लागणारा जोर कमी. रुंद हँडल याच कारणाने मंद वेगात जास्त आवाक्यात राहते. चेंबरचे बुडालेले झाकण, पेव्हर ब्लॉकची उखडलेली कड, अचानक उघडलेले मोटारीचे दार, सिग्नलवर उजवा हात दाखवताना उरलेल्या एका हाताने धरलेली सायकल, या सगळ्या प्रसंगी रुंद हँडल नवख्या माणसाला सावरून घेते. ताठ बसल्याने चारचाकींच्या टपांवरून पुढचे दिसते, हाही लहान फायदा नव्हे. अरुंद हँडल दोन वाहनांमधल्या फटीतून सहज निघते असे सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण त्या फटीत शिरावे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझे उत्तर नाही असे आहे.

वळलेल्या हँडलची सायकल शहरात चालवायचीच असेल तर एक नियम कटाक्षाने पाळावा: रहदारीत हात नेहमी हूडवर, वरच्या आडव्या भागावर कधीच नाही. काही सायकलींना त्या आडव्या भागावर जोडब्रेक बसवून मिळतात. ते दिसायला जुनाट वाटले तरी शहरात फार कामाचे असतात.

‘पण सिंहगड चढायचा असेल तर वळलेले हँडलच हवे ना?’

हा आक्षेप मी सर्वाधिक ऐकला आहे, आणि तो चढाच्या बाबतीत जवळजवळ पूर्णपणे चुकीचा आहे. सिंहगडाच्या घाटात आपल्यापैकी बहुतेकांचा वेग ताशी सात-आठ किलोमीटर असतो. त्या वेगाला हवेचा विरोध नगण्य असतो आणि सगळी लढत गुरुत्वाकर्षणाशी असते. तिथे कामाला येतात ते हलके गिअर. सरळ हँडलच्या सायकलींना पुष्कळदा पुढची लहान चकती आणि मागची मोठी चकती अशी जोडी मिळते, तर शर्यतीच्या धर्तीवरच्या रोड बाइकला जड गिअर असतात. म्हणून घाटासाठी सायकल पाहताना हँडल सोडून आधी पुढच्या लहान चकतीचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते मोजावेत. पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४ असतील तर कात्रज, बोपदेव किंवा दिवेघाट सरावाने चढता येतो. मागे २५ किंवा २८ च असतील तर नवख्याच्या गुडघ्यांवर ताण येतो. उभे राहून चढताना मात्र हूड धरणे खरोखर सोयीचे असते.

उतारावर चित्र बदलते. हात खाली नेल्याने वजन खाली येते, ब्रेकवर जोर मिळतो आणि खड्ड्याच्या धक्क्याने हात हँडलवरून निसटण्याची भीती कमी होते. पण ही स्थिती सवयीने अंगवळणी पडते. ज्याने खाली हात ठेवून सपाट रस्त्यावर महिनाभरही सराव केलेला नाही, त्याने तो प्रयोग पहिल्यांदा घाट उतरताना करू नये.

‘वळलेल्या हँडलने पाठ मोडते’

पाठ हँडलच्या आकाराने दुखत नाही. ते किती खाली आणि किती पुढे आहे त्याने दुखते. ही उंची सांगाडा ठरवतो, आणि सांगाड्याला हँडल जोडणारा ‘स्टेम’ नावाचा आखूड तुकडा तिच्यात थोडाफार बदल करू देतो. शर्यतीच्या सायकलींत हँडल खोगिराच्या बरेच खाली असते. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या, म्हणजे दुकानात ‘एंड्युरन्स’ किंवा ‘ग्रॅव्हल’ नावाने मिळणाऱ्या सायकलींत तेच वळलेले हँडल इतके वर असते की हूड धरून बसलेला माणूस सरळ हँडलच्या स्वारापेक्षा किंचितच जास्त वाकलेला दिसतो. माझ्या मते पुण्यात वळलेले हँडल घेऊ इच्छिणाऱ्या नवख्या व्यक्तीने शर्यतीच्या सायकलीकडे न पाहता याच प्रकारापासून सुरुवात करावी.

आरामाचे श्रेय किंवा दोष हँडलला देताना आणखी एक चूक होते. वळलेल्या हँडलच्या सायकलीला पुष्कळदा २५ मिलिमीटरचे टायर असतात आणि सरळ हँडलच्या सायकलीला ३२ किंवा ३५ चे. दोन्ही चालवून पाहणाऱ्याला दुसरी मऊ वाटते आणि तो म्हणतो, सरळ हँडल आरामदायक आहे. प्रत्यक्षात त्याला आराम दिलेला असतो तो रुंद टायरमध्ये मावणाऱ्या जास्तीच्या हवेने. आपल्या रस्त्यांवर निदान २८, आणि सांगाड्यात जागा असेल तर ३२ मिलिमीटरचे टायर असावेत, मग हँडल कोणतेही असो.

‘आज सरळ घेऊ, नंतर हँडल बदलून घेऊ’

हा मार्ग स्वस्त वाटतो आणि महागात पडतो. सरळ हँडलच्या नळीचा व्यास ग्रिपच्या जागी २२.२ मिलिमीटर असतो, वळलेल्याचा २३.८, त्यामुळे एकाच्या लिव्हर दुसऱ्यावर बसत नाहीत. ब्रेकची केबल लिव्हर किती ओढते हेही दोन्हींत वेगळे असू शकते. सरळ हँडलच्या अनेक सायकलींना असणारा ‘व्ही ब्रेक’ जास्त लांब ओढ मागतो, आणि वळलेल्या हँडलची नेहमीची लिव्हर तेवढी केबल ओढत नाही. म्हणजे हँडलबरोबर लिव्हर, गिअरचे शिफ्टर आणि कित्येकदा ब्रेकही बदलावे लागतात.

यांतला सर्वांत महाग भाग शिफ्टरचा. पूर्वी रोड बाइकवर गिअर बदलण्याच्या लिव्हर सांगाड्याच्या तिरक्या नळीवर असत आणि गिअर बदलायला हँडलवरचा हात सोडावा लागे. १९९० मध्ये शिमानो कंपनीने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले. ही सोय आज साध्या रोड बाइकवरही मिळते, पण त्या लिव्हरच्या आतले यंत्र घड्याळासारखे गुंतागुंतीचे असते, आणि सारख्याच दर्जाच्या दोन सायकलींत वळलेल्या हँडलची सायकल महाग असण्याचे ते एक मोठे कारण आहे. सायकल पडली आणि लिव्हर तुटली तर तो फरक पुन्हा जाणवतो.

पैशांपलीकडची अडचण मापाची आहे. वळलेले हँडल हात बरेच पुढे नेते, म्हणून त्या सायकलीचा सांगाडा मुळात आखूड बनवलेला असतो. सरळ हँडलच्या लांब सांगाड्यावर ते बसवले की स्वार नको इतका ताणला जातो, आणि आखूड स्टेम लावून ती कसर पूर्ण भरून निघत नाही. हँडल बदलण्याचा विचार मनात आधीपासूनच असेल, तर थोडे थांबून, पैसे साठवून, हवी ती सायकल घ्यावी.

मग पुण्यात कोणी काय घ्यावे

कोथरूडहून हिंजवडीला रोज सायकलने जाणाऱ्याचे अंतर पंधरा-सतरा किलोमीटर असले तरी त्यात सलग पाच मिनिटेही न थांबता चालवण्याची संधी क्वचित मिळते. त्याला सरळ हँडल घ्यावे असे मी निःशंकपणे सांगेन. मडगार्ड, घंटा, दिवा आणि आरसा हे सगळे त्याला लागणार आहे, आणि ते सरळ हँडलवर सहज बसते. चाळिशीनंतर सायकलीकडे परत आलेल्या आणि पाषाण तलाव किंवा खडकवासला एवढीच फेरी मारणाऱ्या व्यक्तीलाही तेच.

ज्याची सायकल आठवड्यातून दोनदा, पहाटे पाचला रस्ते मोकळे असताना बाहेर पडते आणि तीन-चार तासांनी परत येते, त्याने वळलेले हँडल घ्यावे, मग त्याला कोणाशी शर्यत लावायची असो वा नसो. ज्यांना २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे, त्यांना साडेतेरा तासांची मुदत असते. सरळ हँडलनेही तीत भाग घेता येतो आणि लोक ती पूर्णही करतात, पण तेरा तास हात एकाच जागी ठेवणे म्हणजे काय हे मंडईतल्या पिशवीच्या उदाहरणावरून लक्षात यावे.

खरी अडचण आहे ती दोन्ही करणाऱ्यांची: आठवडाभर कचेरी आणि रविवारी ताम्हिणी घाट. त्यांनी इच्छा बाजूला ठेवून, गेल्या तीन महिन्यांत आपण प्रत्यक्षात कुठे किती चालवली याचा हिशेब मांडावा. शहरातले तास जास्त असतील तर बार एंड लावलेले सरळ हँडल; बाहेरचे तास जास्त असतील तर ३२ मिलिमीटर टायरची, उंच हँडलची एंड्युरन्स सायकल. अजून सायकलच नसल्याने हिशेब मांडता येत नसेल, तर मित्राची सायकल दोन रविवार मागून घ्यावी. दुकानासमोरच्या गल्लीतल्या फेरीत ब्रेकचा अंदाज येतो, पण हातांचे खरे उत्तर तासाभरानंतरच मिळते.

हात लहान असतील तर

हा मुद्दा दुकानात फारसा निघत नाही आणि त्याचा फटका विशेषतः स्त्रियांना बसतो. वळलेल्या हँडलच्या लिव्हर मोठ्या पंजाच्या मापाने लावून आलेल्या असतात. बोटे पोहोचत नसतील तर त्या सायकलीवर ब्रेक उशिरा लागणार, मग बाकी सगळे कितीही योग्य असो. अलीकडच्या बहुतेक लिव्हरमध्ये त्यांचे हँडलपासूनचे अंतर कमी करणारा एक लहान स्क्रू असतो; सरळ हँडलच्या लिव्हरमध्येही तो असतो आणि तिथे तो फिरवणे अधिक सोपे. दुकानात सायकल भिंतीला टेकवून बसावे, हात खालच्या वळलेल्या भागावर ठेवावा आणि पकड न सोडता दोन बोटांचे पहिले पेर लिव्हरवर पूर्ण टेकते का ते पाहावे. टेकत नसेल तर तो स्क्रू तिथेच फिरवून मागावा, ब्रेक पुन्हा जुळवून घ्यावेत आणि मगच सायकल रस्त्यावर काढावी. एवढे करूनही बोटे पुरत नसतील तर त्या मापाची सायकल परत ठेवावी, लहान लिव्हरची दुसरी मागावी, आणि तीही नसेल तर सरळ हँडलची घ्यावी.